गार असताना उघडावं

पहाटेची वेळ निवडा. गाडी रात्रभर अंगणात उभी आहे, बॉनेटवर दव आहे, वैनगंगेकडून गार वारा येतो आहे. बॉनेटवर तळहात ठेवा. पत्रा थंड लागला की समजा, वेळ बरोबर आहे. चावी खिशातच राहू द्या. आज कुठे जायचं नाही. आज गाडीसमोर स्टूल घेऊन अर्धा तास बसायचं आहे.

श्रवण, मनन, निदिध्यासन हा क्रम आपल्याला परंपरेनं दिला आहे. ऐकलेलं, पाहिलेलं मनात घोळवायचं, त्यातला रस उतरेपर्यंत घोळवायचं, हे मनन. त्याला विषय फार उंच लागत नाही. समोरची वस्तू नीट बघता आली तरी पुरतं. आज ती वस्तू म्हणजे जुन्या गाडीचा रेडिएटर. माझ्यासमोर बालाघाटच्या घरातली बाबांची अँबेसेडर आहे. तुमच्यासमोर पद्मिनी असेल, मारुती ८०० असेल, नाहीतर शेतावरची महिंद्राची जीप असेल. कुठलीही चालेल. बॉनेट उघडा, त्याची दांडी नीट अडकवा आणि बसा.

दोनतीन श्वास सावकाश घ्या. कशालाच हात लावू नका. आधी नुसतं बघा.

*

आता नजर झाकणावर आणा. वरच्या टाकीच्या पितळी गळ्यावर बसलेलं, दोन कानांचं, तळहातात मावणारं झाकण. दिसायला साधं बूच, पण काम प्रेशर कुकरच्या शिट्टीचं. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांना उकळतं. या झाकणातली स्प्रिंग आतला दाब धरून ठेवते, आणि दर एक पौंड दाबामागे उकळीची पायरी साधारण दीड अंशानं वर सरकते. जुन्या गाड्यांना बहुधा सात पौंडांच्या आसपासचं झाकण असे, पुढच्या गाड्यांना तेरा-पंधरा पौंडांचं आलं. म्हणून १०५ अंशांचं पाणीसुद्धा या झाकणाखाली पाणी म्हणूनच राहतं. झाकण निघालं की त्याला धरून ठेवणारं काही उरत नाही. त्यातलं थोडं पाणी त्याच क्षणी वाफ होतं आणि बाकीचं सगळं घेऊन गळ्यातून उसळतं.

बाबांच्या उजव्या मनगटावर त्याचा डाग होता.

मी दहा वर्षांची होते. मे महिना होता. बैहरला लग्न होतं आणि आम्ही घरूनच उशिरा निघालो होतो. गांगुलपारा मागे पडलं, चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चालली. काटा वर वर सरकत लाल खुणेवर जाऊन टेकला. बाबांनी गाडी मोहाच्या झाडाखाली घेतली, बॉनेट उघडलं, फडकं घेतलं आणि झाकण फिरवलं. पुढचं मला आवाजासकट आठवतं. मागून येणारा ट्रक थांबला. ड्रायव्हरनं आपल्या कॅनमधलं पाणी बाबांच्या हातावर बराच वेळ ओतलं. इंजिनावर मात्र एक थेंब टाकला नाही. आईनं विचारलं, गाडीत पाणी घालू का? त्यानं मान हलवली. तापलेल्या हेडवर गार पाणी पडलं तर ते तडकतं, एवढंच सांगितलं. मग तो आमच्याबरोबर जमिनीवर बसला. अर्धा तास कुणी फार बोललं नाही.

इंजिन निवल्यावर त्यानं बोटानं फॅनचा पट्टा दाबून दाखवला. पट्टा सैल पडून घसरत होता. या गाडीत एकच पट्टा पंखा, पाण्याचा पंप आणि डायनॅमो अशी तिन्ही कामं करतो. तो घसरला की पंखा मंदावतो, पाणी फिरायचंही मंदावतं आणि डायनॅमो वीज देईनासा होतो. म्हणजे उष्णता वाढण्याआधीच डॅशबोर्डावरचा लाल दिवा मिणमिणायला लागलेला असतो. दिवा लागला होता. आम्ही सगळ्यांनी पाहिला होता. लग्नाची घाई होती, म्हणून त्याच्याकडे बघूनही बघितलं नव्हतं. ड्रायव्हरनं डायनॅमोचे बोल्ट सैल केले, तो बाहेर ओढून पट्टा ताणला, बोल्ट आवळले. पाच मिनिटांचं काम.

इथे थोडं थांबा. तुमच्या गाडीचा पट्टा शोधा. दोन चाकांच्या मधोमध अंगठ्यानं दाबा. अर्धा इंच दबला तर ठीक. त्याच्या कडा बघा, आतल्या बाजूला चिरा पडल्या आहेत का बघा. आणि मनात एवढंच ठेवा की चटका बसण्याआधी दिवा लागलेला असतो.

*

आता डोळे मिटा आणि जुन्या घरातल्या न्हाणीजवळचा तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळकांडं, त्यात निखारे, भोवती पाणी. आग पाण्याला कधी भेटत नाही, दोघांमध्ये तांब्याचा पत्रा असतो. तरी आगीची ऊब पाण्यात उतरते. इंजिन म्हणजे असाच एक बंब. मध्ये सिलिंडरमधली आग, भोवती ओतीव लोखंडात ठेवलेली पाण्याची वाट. बंबात पाणी तापवणं हेच काम असतं. इंजिनात काम वेगळंच असतं, तापणं हे त्या कामाबरोबर येतं.

किती येतं? जुन्या पेट्रोल इंजिनात इंधनातल्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा गाडी ओढण्याच्या कामी येतो. साधारण एक तृतीयांश धुराबरोबर निघून जातो आणि जवळजवळ तेवढाच पाण्यात उतरतो. एक लिटर पेट्रोल जाळलं तर पाण्यात उतरणाऱ्या उष्णतेनं तीस-पस्तीस लिटर गार पाणी उकळीला आणता येईल. म्हणजे दहाबारा किलोमीटरच्या चालीत घरातल्या साऱ्यांच्या आंघोळीचं पाणी निघेल. ही उष्णता चुकून होत नाही, कुणाच्या दोषानंही होत नाही. काम केलं की ती होते. निरोगी इंजिनातही होते.

या वाक्यापाशी थोडं रेंगाळा: काम केलं की उष्णता होते. घर चालवणाऱ्याला, शाळा चालवणाऱ्याला, शेतात राबणाऱ्याला ती चुकत नाही. आपण मात्र तापलो की स्वतःला दोष देतो, किंवा समोरच्याला देतो. इंजिनाकडे बघताना असा दोष कुणी देत नाही. तिथे सरळ प्रश्न पडतो, की ही उष्णता जाते कुठे आणि तिची वाट मोकळी आहे का? तोच प्रश्न आपल्या दिवसाबद्दलही मनात ठेवा. उत्तर लगेच शोधू नका.

*

डोळे उघडा. जाळीकडे बघा. बोट अगदी हलकं फिरवा, पाकळ्या वाकतील इतकं दाबू नका. वर एक टाकी, खाली एक टाकी, मध्ये चपट्या नळ्यांच्या ओळी, आणि नळ्यांच्या मध्ये कागदासारख्या पातळ पत्र्याच्या पाकळ्या. तापलेलं पाणी वरच्या होजमधून वरच्या टाकीत येतं, नळ्यांतून खाली उतरतं, उतरता उतरता आपली उष्णता पाकळ्यांना देतं आणि पाकळ्या ती वाऱ्याला देतात. निवलेलं पाणी खालच्या होजमधून पंपाकडे परत जातं. नाव रेडिएटर असलं तरी यातली फार थोडी उष्णता किरणांनी जाते. बहुतेक सगळी वारा उचलून नेतो.

ही जाळी सुचायला माणसाला वेळ लागला. १८८६ मध्ये कार्ल बेंझनं पेटंट घेतलेल्या गाडीत जाळी नव्हती. पाणी तापायचं, उकळायचं, वाफ होऊन जायचं, आणि वरून नवं भरावं लागायचं. १८८८ मध्ये त्याची पत्नी बेर्था दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला त्या गाडीनं गेली, शंभरेक किलोमीटर. वाटेत मिळेल तिथे तिला थांबून पाणी भरावं लागलं. पुढे विल्हेल्म मायबाखनं मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला, आणि १९०१ च्या मर्सिडीजवर तो बसला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या. प्रत्येकीचं तोंड सहा मिलिमीटरचं. पूर्वी अठरा लिटर पाणी लागायचं, तिथे नऊ लिटरांत भागलं. पाणी निम्मं झालं, कारण वाऱ्याला भिडणारी जागा कितीतरी पटींनी वाढली होती. मोठा हौद बांधण्यापेक्षा उष्णतेला बाहेर जायला हजारो छोटी दारं दिली, तेव्हा गाडी लांबच्या प्रवासाला तयार झाली.

वारा उष्णता नेतो, पण किती नेतो हे पाणी आणि वारा यांच्या तापमानांतल्या अंतरावर ठरतं. जानेवारीत बालाघाटची सकाळ दहा अंशांची असेल आणि पाणी नव्वद अंशांचं, तर मध्ये ऐंशी अंशांचं अंतर आहे. मे महिन्याच्या दुपारी वाराच चव्वेचाळीस अंशांचा असतो, तेव्हा अंतर शेहेचाळीसवर येतं. तीच जाळी, तेच पाणी, आणि निवण्याची ताकद जवळजवळ निम्मी. त्यात बैहरचा चढ. वेग कमी म्हणून वारा कमी, इंजिनाचे फेरे मात्र जास्त. उंचीवर हवेचा दाबही घटतो, दर तीनशे मीटरला पाणी साधारण एक अंश आधी उकळतं. जानेवारीत निमूट चालणारी गाडी मे महिन्यात घाटात का उकळते, याचं उत्तर एवढंच. तिच्यातली लहानशी कुचराई थंडीनं झाकलेली होती, उन्हाळ्यानं ती उघडी केली.

*

आता धातूकडे या. जुन्या रेडिएटरच्या नळ्या आणि टाक्या पितळेच्या, पाकळ्या तांब्याच्या, आणि सांधे कथील-शिशाच्या झाळीचे. म्हणजे तांबट, कासार आणि कल्हईवाला या तिघांची विद्या एका चौकटीत बसलेली. ज्या धातूंच्या घागरी आणि तांबे आपण चिंचेनं घासले, त्याच धातूंची ही जाळी आहे.

बालाघाटात बसून तांब्याचा विचार करताना मला नेहमी गुंगेरिया आठवतं. आपल्याच जिल्ह्यातलं हे गाव. १८७० मध्ये तिथे गुरं राखणाऱ्या मुलांना जमिनीत तांबं दिसलं. खणल्यावर तांब्याची ४२४ हत्यारं निघाली, कुऱ्हाडी आणि पहारीसारखे लांब दांडे, आणि त्यांच्यासोबत चांदीचे १०२ पातळ पत्रे. तांब्याचंच वजन पावणेचारशे किलोंच्या आसपास भरलं. आपल्या देशात एका जागी सापडलेला तांब्याच्या वस्तूंचा हा सर्वांत मोठा साठा मानला जातो. इसवी सनाच्या कितीतरी शतकं आधी घडवलेलं तांबं मातीत पडून राहिलं, आणि बाहेर आलं तेव्हाही त्याची कुऱ्हाड ओळखू येत होती. त्यातल्या काही वस्तू आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

त्याच जिल्ह्यात, बैहरच्या पलीकडे, मलाजखंड आहे. हिंदुस्तान कॉपरची ही खाण १९८२ पासून चालू आहे, आणि देशातल्या तांब्याच्या खाणींत ती सर्वांत मोठी. डोंगराच्या जागी आता पायऱ्या-पायऱ्यांची प्रचंड विहीर दिसते. तिथला शंभर किलो खडक फोडून दळला तर त्यातून तांबं निघतं साधारण एक किलो. तुमच्या रेडिएटरातलं तांबं कुठल्याही खाणीचं असो, त्याच्या प्रत्येक किलोमागे कितीतरी किलो खडक उपसलेला आहे, आणि तो उपसणारी माणसं आहेत.

नव्या गाड्यांत तांबं जाऊन अॅल्युमिनियमची जाळी आली. ती हलकी असते, स्वस्त पडते. अॅल्युमिनियम तांब्याच्या जेमतेम साठ टक्के उष्णता वाहतं, तरी रुंद नळ्या आणि चांगले सांधे यांच्या बळावर ही जाळी काम नीट करते. त्या जाळीच्या मिश्रधातूत एक ते दीड टक्का मँगनीज मिसळलेलं असतं, धातूला बळकटी यावी म्हणून. आणि मँगनीज म्हटलं की बालाघाटकराला शहराच्या कुशीतली भरवेलीची खाण आठवणारच. भूमिगत मँगनीज खाणींमध्ये ती आशियात सर्वांत खोल म्हणून ओळखली जाते. जुनी जाळी असो की नवी, या जिल्ह्याच्या मातीचं तिच्याशी नातं आहे.

जाळीवर पुन्हा एकदा हलका हात ठेवा. हे सगळं त्या स्पर्शात असू द्या. जे इतक्या कष्टानं वर आलं आहे, ते नीट ठेवणं हे आपल्या वाट्याचं काम.

*

आता झाकण उघडायची वेळ आली. इंजिन गार आहे, तरी फडकं ठेवा आणि सावकाश फिरवा. सवय हातात राहू द्या.

आत बघा. पाणी गळ्याच्या जरा खाली असावं. रंग बघा. हिरवं किंवा ज्या रंगाचं कूलंट घातलं असेल त्या रंगाचं स्वच्छ पाणी असेल तर मन निश्चिंत करा. तांबूस, गढूळ दिसलं तर आत गंज धरला आहे. वर तेलाचा तवंग दिसला, किंवा डिपस्टिकवरचं तेल दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर हेड गॅस्केटमधून तेल-पाणी एकमेकांत जात असेल. त्या दिवशी गाडी चालवू नका, मिस्त्रीला दाखवा. बोटानं गळ्याच्या आतली कड तपासा. पांढरट, खरखरीत थर लागला तर तो क्षारांचा आहे.

हा क्षार समजून घेण्यासारखा आहे. आपल्याकडे विहिरी-बोअरचं पाणी बहुधा जड असतं. ते पिण्यात दिसत नाही, चहाच्या भांड्यात मात्र दिसतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो आणि सगळ्यांत गरम भिंतीला चिकटतो. तांब्याच्या मानानं हा थर उष्णता शेकडो पटींनी कमी वाहतो. एका वेळच्या पाण्यातून बसलेला थर डोळ्यांना दिसणारही नाही. उन्हाळ्यात दर आठवड्याला तांब्याभर नळाचं पाणी वरून भरत राहिलं, की दोनतीन वर्षांत नळ्यांची तोंडं अरुंद होतात. दुखणं असं साठतं, चांगल्या हेतूनं ओतलेल्या पाण्यातून.

म्हणून पाणी बॅटरीत घालतो तसं शुद्ध वापरा, आणि त्यात निम्मं कूलंट. बालाघाटात पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. निम्मं-निम्मं मिश्रण उघड्या भांड्यातही १०६ अंशांच्या पुढे जाऊन उकळतं, आणि त्यातली औषधं धातूला गंजापासून जपतात. आपल्याला हवं ते हे. मात्र कूलंट घेताना डबा वाचा. काही नव्या कूलंटची औषधं जुन्या कथील-शिशाच्या झाळीला मानवत नाहीत. तांबे-पितळेच्या रेडिएटरसाठी योग्य असं लिहिलेलंच घ्या, दोन प्रकार एकत्र करू नका, आणि साधं हिरवं कूलंट दर दोन वर्षांनी बदला. काढलेलं कूलंट पातेल्यात धरा, जमिनीवर सोडू नका. ते चवीला गोड आणि पोटात विष असतं. गाय किंवा कुत्रं ते चाटतं.

आता बाहेरून बघा. पाकळ्यांत काय अडकलं आहे? आमच्याकडे भाताचं तूस असतं, किडे असतात, लाल धूळ असते. बालाघाटचा चिन्नोर भात दारात येतो तेव्हा त्याचा कोंडा रेडिएटरातही येतो. इंजिनाच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला साध्या नळीनं पाणी सोडा, जोर न लावता. वाकलेल्या पाकळ्या पातळ पट्टीनं एकेक सरळ करा. घाई केली तर आणखी वाकतात. तासभर लागला तर लागू द्या.

शेवटी सांध्यांकडे बघा. जिथे पाणी झिरपतं तिथे हिरवट-पांढरा ओघळ उमटतो. आपण भांड्यावर ज्याला कळंक म्हणतो तोच हा. पाणी उडून जातं, कळंक राहतो. गळती जिथे आहे तिथे खूण आधीच उमटलेली असते, बघणारा हवा.

*

थर्मोस्टॅटचा विचार केल्याशिवाय हे मनन पुरं होणार नाही. इंजिनातून पाणी बाहेर पडतं त्या तोंडाशी हा वाटीएवढा वॉल्व्ह बसतो. त्यात मेणाची गोळी असते. पाणी साधारण ८२ अंशांना पोचलं की मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. तोवर ते दार बंद असतं, रेडिएटरकडे पाणी जातच नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याला घाबरून हा वॉल्व्ह काढून टाकायची पद्धत पडली आहे. गाडी गार राहते, हे खरं. पण मग ती कधी पुरती तापतच नाही. तेल दाट राहतं, पेट्रोल जास्त लागतं, सिलिंडरची झीज वाढते. इंजिनाचं आरोग्य ऐंशी-नव्वद अंशांच्या मध्ये आहे. त्याला गार ठेवायचं नसतं, त्याला त्याच्या उबेत ठेवायचं असतं. हे मला उशिरा कळलं. माणसाला शांत हो म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा त्याचा थर्मोस्टॅट काढायला सांगत असतात. शांत माणसातही ऊब असते. त्याचं दार फक्त योग्य वेळी उघडतं.

हे दुसऱ्या एखाद्या सकाळी एकदा डोळ्यांनी बघा. गार इंजिनात पाणी भरा, झाकण उघडं ठेवा, गाडी चालू करा, चेहरा लांब ठेवा आणि गळ्यातून आत बघत राहा. पाच मिनिटं काही होत नाही. पाणी स्थिर असतं, इंजिनाच्या थरथरीनं नुसतं शहारतं. मग अचानक पाणी चालू लागतं. वॉल्व्ह उघडला. अडकलेल्या हवेचे बुडबुडे वर येतात, पातळी खाली जाते. तेवढं पाणी हळूहळू भरा, झाकण लावा. बुडबुडे थांबेनात आणि सतत येत राहिले, तर हेड गॅस्केटकडे लक्ष द्या.

*

कधीतरी गळती लागतेच. वाटेत हळद टाकून ती थांबवायची जुनी रीत आहे. घरी पोचण्यापुरती ती चालते. पण हळद भोक ओळखत नाही, चांगल्या नळ्यांतही बसते. घरी आल्यावर पाणी काढून सगळं धुवावंच लागतं.

रेडिएटरच्या दुकानात जा आणि काम होईपर्यंत तिथेच थांबा. मिस्त्री होजची तोंडं बंद करतो, रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवतो आणि हवा भरतो. एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. तो खडूनं खूण करतो. जागा घासून लख्ख करतो, नवसागर लावतो, मग ज्योत आणि कथील. तांबं वितळायला १,०८५ अंश लागतात, ही झाळ दोनशे अंशांच्या आसपास पाझरते. म्हणून ज्योत थोडी जास्त वेळ राहिली तर शेजारचा चांगला सांधा सुटतो. जाणता मिस्त्री शेजारच्या सांध्यांवर ओलं फडकं ठेवतो आणि ज्योत नेमक्या जागी, नेमका वेळ धरतो. मग पुन्हा हौदात बुडवून बघतो. बुडबुडा आला नाही की मान हलवतो. दुरुस्ती म्हणजे काय, हे मला त्या हौदाकाठी समजलं. तुटलेलं सांधताना शेजारचं न तुटू देणं.

आणि कधी बदलावाच लागतो. बोट लावल्यावर पाकळ्यांचा भुगा हातात आला, निम्म्या नळ्या आधीच झाळून बंद केलेल्या असल्या, एक जागा सांधली की आठवड्यात दुसरी फुटत असली, तर हट्ट सोडा. जुन्या गाडीत बहुधा टाक्या त्याच ठेवून मधली जाळी नवी घालता येते. अॅल्युमिनियमच्या, प्लास्टिक टाकीच्या रेडिएटरला ही सोय नसते, टाकी तडकली की तो पुरताच बदलतात. बदलताना होजही दाबून बघा. पिकल्या केळ्यासारखा मऊ किंवा वाळक्या शेंगेसारखा कडक लागला तर त्याच दिवशी नवा घाला. इंजिनातली पाण्याची वाट धुऊन घ्या, नाहीतर जुना गंज नव्या जाळीत जाऊन बसेल.

आमच्या अँबेसेडरची जाळी दोन वर्षांपूर्वी बदलली. जुनी जाळी मी हातात धरून बसले होते. बाबा नव्हते. तिचं वजन जाणवत होतं. मिस्त्रीनं ती काट्यावर ठेवली आणि भावाप्रमाणे पैसे दिले. ते तांबं भट्टीत जाईल आणि पुन्हा तांबंच होऊन निघेल. त्याच्या जातीला झीज नाही. संपला तो आकार.

*

आता झाकण लावा. दोन्ही कान पुरते फिरले आहेत ना, बघा. बॉनेट खाली घ्या. आणखी दोनतीन श्वास घ्या.

त्या मे महिन्यानंतर बाबा रोज सकाळी दूध आणायला निघण्याआधी बॉनेट उघडायचे. झाकण काढायचे, बोटाचं टोक पाण्याला लावायचे, पट्टा दाबायचे, झाकण लावायचे. सगळं मिळून दोन मिनिटं. घरात कशावरून तरी वाद पेटला, तर त्या रात्री ते काही बोलत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना विषय काढत. त्यांनी दोन्ही गोष्टी घाटातल्या त्या अर्ध्या तासात शिकून घेतल्या होत्या. पुढे बावीस वर्षं त्यांनी ती गाडी चालवली. बैहरच्या घाटात ती पुन्हा कधी उकळली नाही.

उद्या सकाळी तुम्हीही एवढं करा. गाडी गार असताना झाकण उघडा, पाण्याला बोट लावून बघा, आणि मग चावी फिरवा.